आधी की नंतर?

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट २०१८ साली आला. त्याने जगभरात ९० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला आणि चार ऑस्कर मिळवली, त्यातलं एक फ्रेडी उभा करणाऱ्या रामी मालेकला. क्वीनचे जुने चाहते मात्र अजूनही त्यावरून भांडतात. मला हा चित्रपट मनापासून आवडतो आणि त्याचा मनापासून रागही येतो. दोन्ही एका सुरात लिहायला गेलो तर एकाचा गळा दाबला जातो, म्हणून मी त्या दोन माणसांच्या तोंडी देतो आहे. मामा मूळचा वाईचा, नोकरीनिमित्त मुंबईत गेलेला, काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणणाऱ्या पिढीतला. भाची चित्रपटांचं संकलन करते. राहवणार नाही तिथे मी मध्ये बोलेन.

मामा : मी या चित्रपटाकडे शेवटाकडून बघतो. १३ जुलै १९८५, वेम्बली स्टेडियम, ७० हजारांच्या वर माणसं, इथिओपियाच्या दुष्काळासाठी केलेला लाइव्ह एडचा कार्यक्रम. आम्ही तो पुढे व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, पडद्यावर पट्टे उमटेपर्यंत घासलेल्या. तो भला मोठा जनसमुदाय एका माणसाच्या ‘एऽऽओ’ला साद देतो, ते आम्ही एवढ्याशा टीव्हीवर पाहिलं होतं. चित्रपटगृहात ते अंगावर आलं. बाकीचे दोष मला दिसतात, पण त्या शेवटासमोर मी ते सोडून देतो.

भाची : शेवटच्या कार्यक्रमाशी माझं भांडणच नाही मामा. चित्रीकरणाची सुरुवातच तिथून झाली होती. बोव्हिंग्डनच्या जुन्या विमानतळावर वेम्बलीचा रंगमंच जसाच्या तसा उभारला, पियानोवरच्या पेप्सीच्या कागदी पेल्यांसकट. चौघा नटांना भूमिकेत रुळायलाही वेळ नव्हता, पहिल्याच दिवसांत त्यांना हे करावं लागलं. पुढे दिग्दर्शक ब्रायन सिंगरला मध्येच काढून टाकलं आणि उरलेलं काम डेक्स्टर फ्लेचरने पूर्ण केलं. दोघांनी चित्रित केलेलं एकत्र सांधणं म्हणजे काय, ते मला कळतं. संकलक जॉन ऑटमनला ऑस्कर मिळालं तेव्हा एका प्रसंगातल्या धावपळीच्या काटछाटीवरून त्याची खूप टर उडवली गेली. मी नाही उडवली. माझं भांडण वेम्बलीच्या जरा आधीच्या प्रसंगाशी आहे.

मामा : एड्सच्या.

भाची : हो. चित्रपटात फ्रेडीला आजाराचं निदान कळतं, सरावाच्या वेळी तो बाकी तिघांना सांगतो, चौघं एकमेकांना मिठी मारतात आणि मग वेम्बली. प्रत्यक्षात निदान झालं १९८७मध्ये. शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेल्या जिम हटनने ते लिहून ठेवलंय. बँडमधल्या मित्रांना तर त्याने त्याच्याही नंतर सांगितलं. लाइव्ह एडच्या मंचावर उभ्या असलेल्या ३८ वर्षांच्या फ्रेडीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मामा : अगं, चित्रपट म्हणजे पंचांग नव्हे. ‘वुई विल रॉक यू’ १९७७चं गाणं. इथे ते १९८०मध्ये, मिशीवाल्या फ्रेडीसमोर जन्माला येतं. ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ १९७८चं, पण १९७४च्या अमेरिका दौऱ्यात वाजतं. रिओचा अफाट जलसा १९८५च्या जानेवारीतला, तोही कितीतरी आधी आणून ठेवलाय. मला हे सगळं पाठ आहे, तरी बघताना कुठे अडलं नाही.

भाची : मलाही नाही अडलं. गाणं मागेपुढे केल्याने कुणावर बालंट येत नाही. पण संकलनाच्या टेबलावर एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते. दोन प्रसंग शेजारी ठेवले की पाहणारा पहिल्याला कारण समजतो आणि दुसऱ्याला परिणाम. आपण काही न सांगताही समजतो. म्हणून जागा बदलताना विचारायचं असतं की आता कुणाच्या माथी काय मारलं जातंय. या चित्रपटाची माळ बघ. फ्रेडी एकट्याने अल्बम करायचा करार करतो, मित्रांना सोडतो, म्युनिकला जातो, तिथे पार्ट्या, पुरुष, नशा. मग तो आजारी पडतो. मग परत येऊन मित्रांची माफी मागतो. मित्र त्याला थोडा वेळ खोलीबाहेर थांबवतात, अटी घालतात, पदरात घेतात. आणि मग तो मंचावर शुद्ध होतो. आता यातला एकेक मणी तपास. एकट्याने अल्बम करणारा तो पहिला नव्हताच. ड्रमर रॉजर टेलरचा स्वतःचा अल्बम १९८१मध्ये आला, दुसरा १९८४मध्ये. गिटारवाल्या ब्रायन मेने १९८३मध्ये स्वतंत्र रेकॉर्ड काढली. फ्रेडीचा ‘मिस्टर बॅड गाय’ आला १९८५मध्ये, या दोघांच्याही नंतर.

मामा : आणि बँड फुटलाही नव्हता. हे मी मान्य करतो. १९८४मध्ये ‘द वर्क्स’ आला, त्याचा दौरा १९८५च्या मे महिन्यात जपानमध्ये संपला. लाइव्ह एडच्या दोन महिने आधी! चित्रपटात मात्र चौघांनी कितीतरी वर्षांत एकत्र वाजवलेलं नाही.

भाची : गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर घालायची अट चित्रपटात तो माफीच्या बदल्यात मान्य करतो. प्रत्यक्षात हे त्यांनी १९८९च्या ‘द मिरॅकल’च्या वेळी ठरवलं, आणि तेव्हा कुणी कुणाची माफी मागत नव्हतं. चार मित्रांनी शहाणपणाने केलेला करार इथे एकाची शिक्षा होऊन बसतो.

इथे मला बोलायला हवं. भाचीने माळ म्हणून जे मांडलं ते मी पहिल्यांदा चित्रपट पाहताना पकडू शकलो नाही, कारण तोवर मी रडत होतो. आपल्याकडे हा सांगाडा इतका ओळखीचा आहे की तो बसवलेला आहे हे जाणवतच नाही. कीर्तनातला वाट चुकलेला, पस्तावलेला आणि देवाने जवळ केलेला माणूस आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या कथेत पाप खरं असतं. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हे पाप आणि एड्स हे त्याचं फळ, असं १९८०च्या दशकात उघडपणे म्हटलं जायचं. इंग्लंड-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनीही म्हटलं. चित्रपट तोंडाने तसं काहीच म्हणत नाही. प्रसंगांचा क्रम ते म्हणून जातो, आणि ज्याच्याबद्दल म्हणतो तो उत्तर द्यायला नाही.

मामा : कीर्तनाचं निघालंच आहे तर मी प्रभातचा ‘संत तुकाराम’ काढतो. १९३६चा, दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीसांचा. त्यात पुष्पक विमान येतं. इतिहासाच्या कसोटीवर घासून त्यातलं काय उरेल? तरी तो तुकोबांचा चित्रपट आहे, कारण पागनीसांचा चेहरा खरा आहे. मालेकचा चेहरा मला तसा वाटतो. आणि आवाजाची ओरड तर आपण करूच नये. पडद्यावरचा आवाज थोडा मालेकचा, थोडा मार्क मार्टेल नावाच्या गायकाचा आणि बराचसा खुद्द फ्रेडीचा. आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावे दिसतो आणि आनंद भाटे गातात, आणि आपल्याला गंधर्व भेटतात.

भाची : आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, ते काम फार सुंदर आहे. पण विमानाचं उदाहरण तुझ्याच बाजूला घेऊन बघ. विमान ही श्रद्धा आहे हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि त्याने तुकोबांचं काही हिरावलं नाही. इथे पडद्यावर साल, ठिकाण, तारीख दिसते, लाइव्ह एडचा पेला न् पेला खरा ठेवलाय. त्या खरेपणाच्या जोरावर शेजारचा खोटा प्रसंगही खरा म्हणून खपतो. आज कितीतरी माणसं ठामपणे सांगतात की फ्रेडी एड्सचं कळल्यावर लाइव्ह एडला गायला.

मामा : आणि फ्रेडीचा खासगी मॅनेजर पॉल प्रेंटर? त्याच्याबद्दल तरी चित्रपट खोटं बोलत नाही. प्रत्येक चरित्राला ‘संत तुकाराम’मधल्यासारखा एक सालोमालो लागतो.

भाची : प्रेंटरने दगा दिला हे खरं. १९८७मध्ये त्याने ‘द सन’ला फ्रेडीच्या खासगी गोष्टी विकल्या. पण चित्रपटात तो लाइव्ह एडच्या आधीच हाकलला जातो आणि टीव्हीवर जाऊन बोलतो. म्हणजे फ्रेडीच्या आयुष्यातला उघडपणे समलिंगी असलेला मोठा माणूस खलनायक, आणि त्याला काढून टाकलं की नायक बरा होतो. जिम हटन सहा-सात वर्षं त्याच्याबरोबर राहिला, शेवटच्या आजारात त्याने सगळं केलं. त्याच्या वाट्याला पडद्यावर काही मिनिटं. तो सॅव्हॉय हॉटेलात केशकर्तनाचं काम करायचा. त्यांची ओळख क्लबमध्ये झाली, आणि इथे त्याला पार्टीतला वेटर करून टाकलं. एवढं बदलायची गरज काय होती?

मामा : (जरा थांबून) याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक सांगतो. ब्रायन मे आणि रॉजर टेलर या चित्रपटाचे सल्लागार होते म्हणून लोक त्यांच्यावर हेतूंचा आरोप करतात. बेसवाला जॉन डीकन केव्हाच निवृत्त होऊन बाजूला झाला. हे दोघं वीस वर्षं फ्रेडीबरोबर होते, तो आजारी पडल्यावर त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, वर्तमानपत्रवाले दाराशी ठाण मांडून असतानाही. २३ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडीने स्वतः जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या माणसांच्या प्रेमावर मी शंका घेणार नाही.

भाची : प्रेमावर मीही घेत नाही. पण चित्रपटात ते दोघं पार्टीतून बायकांबरोबर वेळेवर घरी जातात आणि फ्रेडी एकटा उरतो. रॉक बँडच्या १९७०च्या दशकाबद्दल एवढं सोज्वळ चित्र पडद्यावर क्वचितच आलं असेल. आपल्याकडे राहुल देशपांडेंनी ‘मी वसंतराव’मध्ये स्वतःच्या आजोबांची भूमिका केली, गाणीही गायली. नातू आजोबा झाला. घरच्या माणसाने केलेला असूनही तो चित्रपट वसंतरावांची कारकुनी, त्यांचं वर्षानुवर्षं अडकून पडणं झाकत नाही.

मामा : मग माझा खरा राग ऐक. तारखांचा नाही, पाचगणीचा. आठ वर्षांचा मुलगा झांझिबारहून जहाजाने मुंबईला येतो आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहतो. फारोख बलसारा. आडनावातलं गाव गुजरातमधलं, वलसाड. वडील बोमी झांझिबारला इंग्रज सरकारच्या नोकरीत. पसरणीचा घाट चढून गेलं की जी थंड हवा लागते, त्या हवेत हा मुलगा पियानो शिकला, बॉक्सिंग आणि टेबल टेनिस खेळला, त्याने ‘फ्रेडी’ हे नाव घेतलं आणि १९५८मध्ये मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्या बँडचा गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानोवर! पुढे ज्याच्या गळ्याने जग वेडं झालं तो पाचगणीत मागे बसून साथ करत होता. वाईच्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल! आणि चित्रपटातली गोष्ट सुरू होते ती थेट १९७०च्या लंडनमध्ये, हीथ्रो विमानतळावर सामान उतरवणाऱ्या तरुणापासून. पाचगणीचं एक दृश्य नाही.

भाची : झांझिबारचंही नाही. १९६४ची क्रांती झाली, घरदार सोडून ही मंडळी लंडनजवळच्या फेल्टममध्ये आली. सतराव्या वर्षी देश गमावलेला मुलगा ईलिंगच्या कला महाविद्यालयात जातो आणि तिथून स्वतःला पुन्हा घडवतो. बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं. त्याऐवजी चित्रपटाने काय दाखवलं? मे आणि टेलरच्या आधीच्या स्माइल बँडचा गायक सोडून गेला त्याच रात्री हा गाडीपाशी योगायोगाने येऊन धडकतो आणि गाऊन दाखवतो. खरं तर टिम स्टॅफेल हा गायक त्याचा कॉलेजातलाच मित्र. फ्रेडी त्या मुलांना चांगला ओळखत होता, त्यांच्या आजूबाजूला राहून संधीची वाट बघत होता. महत्त्वाकांक्षेचा योगायोग करून टाकला.

मामा : बापाला तर एका वाक्याचा माणूस केलाय. सद्विचार, सद्वचन, सत्कृत्य हे पारशी धर्माचं सूत्र त्याच्या तोंडी दिलं, आणि मुलगा शेवटी दुष्काळग्रस्तांसाठी गायला निघताना ते बापाला परत ऐकवतो. मला तिथेही भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण फ्रेडीचा अंत्यविधी लंडनमध्ये पारशी दस्तुरांनी केला, हे जर दाखवलं असतं! ज्याच्याबद्दल तो आयुष्यभर कुठल्या मुलाखतीत फारसा बोलला नाही, ते घर शेवटी त्याच्याजवळ आलं होतं.

माझ्या मते मामाचा पाचगणीचा राग आणि भाचीचा तारखेचा राग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोन्हीकडे चित्रपटाने फ्रेडीचं स्वतःचं कर्तृत्व काढून घेतलं आहे. लहानपणी त्याने स्वतःला घडवलं ते वगळलं, आणि शेवटी आजाराला तो ज्या तऱ्हेने सामोरा गेला तेही वगळलं. उरला तो चुकणारा आणि माफ केला जाणारा फ्रेडी.

भाची : शेवटचंच बोल. निदानानंतर त्याने काय केलं? माँसेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर ‘बार्सेलोना’ केला. ‘द मिरॅकल’ केला, ‘इन्युएन्डो’ केला. चालणं कठीण झालं तसा तो स्वित्झर्लंडला माँत्रोच्या स्टुडिओत जाऊन मिळेल तेवढं रेकॉर्ड करत राहिला, म्हणजे मागे उरलेले लोक पुढे त्यावर वाद्यं चढवू शकतील. ‘मदर लव्ह’ हे त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणांपैकी. शेवटचं कडवं राहिलं, बरं वाटलं की येतो म्हणाला, आणि परत आला नाही. ते कडवं ब्रायन मेने गायलं. एकाच गाण्यात एक आवाज थांबतो आणि मित्राचा सुरू होतो. मामा, हे खरं घडलेलं आहे, आणि कुठल्याही पटकथालेखकाने रचलं असतं तर आपण म्हटलं असतं की फार जुळवून आणलंय. हे हातात असताना १९८७ उचलून १९८५मध्ये का ठेवावं?

मामा : कारण चित्रपटाला वेम्बलीवर संपायचं होतं. लोकांना उठून टाळ्या वाजवत बाहेर पाठवायचं होतं. शेवटी आजार दाखवला तर टाळ्या नाहीत, आणि आजार अजिबातच नाही म्हटलं तर लोक विचारणार की तो कशाने गेला. म्हणून आजार उचलून आधी आणला. आणि गाणी कुणाच्या मालकीची आहेत तेही बघ. गाण्यांशिवाय क्वीनचा चित्रपट होत नाही. २०२०मध्ये डेव्हिड बोवीवर ‘स्टारडस्ट’ नावाचा चित्रपट आला, कुटुंबाची परवानगी नव्हती, बोवीचं एकही गाणं त्यात नाही. कुणाला आठवतो तो? गाणी देणाऱ्याचं ऐकावंच लागतं.

भाची : मग ‘रॉकेटमॅन’? २०१९, एल्टन जॉनवर. दिग्दर्शक तोच डेक्स्टर फ्लेचर. जॉन रीड हा मॅनेजरसुद्धा दोन्ही चित्रपटांत आहे. तिथेही गाणी त्याच माणसाची, निर्मात्यांत तो स्वतः. पण चित्रपट सुरूच होतो तो व्यसनमुक्ती केंद्रात, मंचावरच्या भडक पोशाखात आत शिरणाऱ्या एल्टनपासून. गाण्यांचा क्रम हवा तसा फिरवलाय, माणसं हवेत तरंगतात, आणि कुणी तारखा काढत बसलं नाही, कारण हे आठवणीतलं आहे असं चित्रपट पहिल्या मिनिटापासून सांगतो.

मामा : एल्टन जिवंत आहे गं. माझी घाण दाखवा, असं तो स्वतः म्हणू शकला. फ्रेडीच्या वतीने ते कोण म्हणणार होतं?

भाची : कुणीच नाही. त्याची नशा दाखवा, त्याचे हट्ट दाखवा, त्याची जुनी प्रेयसी मेरी ऑस्टिन हिला त्याने दिलेलं दुःख दाखवा, ते सगळं घडलेलं आहे. जे घडलं नाही ते त्याच्या नावावर घालायचं असेल तर तो हयात नसताना तरी घालू नये.

मामा : मी तरीही शेवट बघताना रडणार. तारीख ठाऊक असून रडणार.

भाची : रड की, मीही रडते. पण मंचावरचा तो माणूस निरोप द्यायला आलेला नव्हता, एवढं मनात ठेवून बघ. वीस मिनिटांत किती गाणी बसतात याचं गणित करून, सराव करून आलेला होता तो. आपण अजून या सगळ्यांहून सरस आहोत हे त्याला दाखवायचं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी युरोपभर दौरा केला, बुडापेस्टला पोलादी पडद्याआड जाऊन गायले, ९ ऑगस्ट १९८६ला नेबवर्थच्या मैदानावर लाखाच्या वर लोकांसमोर उभे राहिले. त्या संध्याकाळी वेम्बलीत त्याच्या डोक्यात हे सगळं पुढचं होतं. मूळचं चित्रण काढ आणि त्याचा चेहरा बघ, केवढ्या मजेत आहे तो.